वाघळं, जिवाणू आणि पाठपोट कागद

सातवीच्या पोरांना 'तुलना करा' म्हटलं की ती हमखास कुत्रा आणि मांजर घेऊन बसतात. इकडे चार पाय, तिकडे चार पाय. इकडे शेपूट, तिकडे शेपूट. मला त्याचा भारी वैताग येतो. म्हणून एके वर्षी मी फळ्यावर उभी रेघ ओढली, एका बाजूला लिहिलं 'वटवाघूळ' आणि दुसऱ्या बाजूला 'सोयाबीनच्या मुळावरचा जिवाणू'. वर्ग हसला. मधल्या रांगेतली एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, जिवाणू तर दिसतच न्हाई, मंग त्याची तुलना कशी करावं?" मी म्हटलं, "वाघूळ तरी तू कधी नीट पाहिलंस का? घाबरून पळालीस तेवढंच." ती खाली बसली आणि लिहायला लागली. माझा स्वभाव तिखट आहे हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

ती जोडी मी उगाच काढली नव्हती. वाघळं आणि तो जिवाणू, दोघांचंही बिऱ्हाड माझ्या माहेरच्या रानात होतं. त्यातलं एक आता उठलं. उठलं म्हणजे उठवलं. कुणी उठवलं आणि त्यात माझा हात किती, हे एकदा लिहून काढायचं आहे, कारण तोंडानं सांगायला गेले की मला रडू येतं नाहीतर राग येतो, आणि दोन्हीत सांगायचं राहून जातं.

पुसेगावच्या अलीकडच्या फाट्यावर जीपमधून उतरायचं आणि आत चालत जायचं, असं आमचं गाव. रानाच्या वरच्या टोकाला एक जुनी चिंच होती आणि चिंचेवर वाघळं. मोठी, फळं खाणारी जात. तांबूस मान, कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड आणि माणसाकडे टक लावून बघणारे डोळे. दिवसभर उलटी लटकून पंखांनी वारा घ्यायची आणि जागेवरून आपसांत भांडायची. दिवेलागणीला एकेक करून सुटायची आणि कयाधू नदीच्या अंगानं निघून जायची. वडील, म्हणजे आमचे आबा, मला खांद्यावर बसवून ती मोजायला लावायचे. मला शंभरापर्यंतच येत होतं, त्यामुळे रोज शंभरच भरायची. वडील म्हणायचे, "बराबर हाय. कालच्याइतकीच हायेत."

चिंचेच्या सावलीचा जेवढा घेर, तेवढी जागा वडिलांनी कधी पेरली नाही. चिंचेखाली पीक येत नाही हे तर खरंच, पण ती जागा विसाव्याची होती. बैल तिथे बांधायचे, भाकरी तिथे सोडायची, शेजारच्या तांड्यावरच्या बाया चिंचा झोडायला यायच्या त्याही तिथेच बसायच्या. अंगावर वाघळांची घाण पडायची, नाही असं नाही. त्यासाठी वडिलांनी खालच्या फांद्यांना एक जुनं ताडपत्रीचं छत बांधून ठेवलं होतं. कुणी म्हणालं की हाकलून द्या ती वाघळं, तर ते म्हणायचे, "ती आपल्या आधीची हायेत. आपुन मागून आलो."

जिवाणू मात्र मी आणला. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, दुकानात तो रायझोबियम म्हणून मिळतो, आणि आमच्याकडे सगळे त्याला कल्चर म्हणतात. काळ्या भुकटीचं पाकीट असतं. गुळाच्या पाण्यात कालवून पेरणीआधी बियाण्याला चोळायचं, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. मग तो सोयाबीनच्या मुळात शिरतो, मुळावर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी धरतात, आणि त्या गाठीत बसून तो हवेतलं नत्र झाडाला देत राहतो. गाठ नखानं फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर तो जिवंत आहे आणि कामाला लागला आहे असं समजायचं.

मला नोकरी लागली त्या वर्षी पहिल्या पगारातून आईला लुगडं घेतलं आणि दादासाठी ही पाकिटं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील थकल्यावर शेती तोच बघत होता. त्या पहिल्या वर्षी त्यानं काय करावं? घरात बुरशीचं औषध होतं, ते आणि कल्चर एकाच घमेल्यात कालवलं. म्हणाला, दोन कामं एका हातात उरकतील. मी तिथेच होते. मी त्याला असं काही झाडलं की वहिनी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "दादा, यात जीव आहेत. आधी औषध लावायचं, ते वाळू द्यायचं, अन् कल्चर सगळ्यात शेवटी. तू जिवंत माणसाला विषाच्या पाण्यानं न्हाऊ घातलंस." त्यानं घमेलं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "म्या काय जाणून केलं का बाई? तू सांगशील तसं करतो." आणि खरोखर त्यानंतर दर वर्षी त्यानं ते अगदी सांगितल्यासारखं केलं. आईचं जुनं लुगडं चिंचेच्या सावलीत, ताडपत्रीखाली अंथरायचं, त्यावर बियाणं पसरायचं, हातानं हलकं खालीवर करायचं. अकरा वर्षं मी पाकिटं देत आले आणि अकरा वर्षं ती चिंचेखाली सुकली. मृगाच्या आधी माहेरी जायचं ते पाकिटं घेऊनच. इतर बहिणी भावाकडून घेऊन येतात, मी देऊन येते, असं मी शाळेत मिरवत असे.

वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि दादानं विषय काढला. सातबारा एका नावावर असला की पीक विम्याला बरं पडतं, कागदपत्राला बरं पडतं. म्हणजे मी हक्कसोड करून द्यायची. आमच्याकडे ही रीतच आहे. बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतो, आणि सही न करणारीचं माहेर तुटतं. कायद्यानं काय मिळतं ते मला माहीत होतं. मी काही अडाणी नव्हते. पण माझा पगार होता, माझं घर सेनगावात होतं, आणि मला माहेर हवं होतं. मी एवढंच म्हटलं की मला रानातलं काही नको, फक्त चिंच तोडायची नाही. वाघळं आहेत तोवर तर नाहीच.

दादा चिंचेच्या बुंध्याला हात लावून उभा होता. आई खाली बसली होती. तो म्हणाला, "येडी हायेस का बाई? आबांची चिंच म्या तोडंल? म्या जित्ता हाय तोवर तिची फांदी बी हालणार न्हाई." दुसऱ्या दिवशी सेनगावला रजिस्ट्रीच्या ऑफिसात मी सही केली. तिथल्या माणसानं विचारलं, राजीखुशीनं ना? मी हसून हो म्हटलं. दादानं मोरपंखी साडी घेतली. ती मी दोनदा नेसले.

मग कोरोना आला, गेला, आणि जाताना वाघळांवर आळ ठेवून गेला. त्यानंतर केरळाकडे कुठला तरी ताप निघाला की गावात सगळ्यांच्या फोनवर वाघळांचे व्हिडिओ फिरायचे. कुठलं वाघूळ, कुठला देश, काही पत्ता नाही; काळे पंख आणि भेसूर संगीत. आमच्या गावातही कुजबुज सुरू झाली. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर मी माहेरी गेले तर दादा म्हणाला, "लोक लई बोलून राहिले बाई. तू सायन्सची मॅडम. एक कागद लिहून दे, म्या ग्रामसभेत वाचून दावतो. तुह्या शब्दाला मान हाय गावात."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, दादा शब्द पाळतोय, आणि नुसता पाळत नाही तर चिंचेसाठी उभा राहतोय. मी त्याच दुपारी ताडपत्रीखाली बसून कागद लिहिला.

शाळेतली सवय, मी कागद पाठपोट लिहिते. कोरी बाजू ठेवणं मला उधळपट्टी वाटते. पोरांनाही मी ठेवू देत नाही. वर्गात मी शिकवते तशीच उभी रेघ ओढली, एकीकडे वाघूळ, एकीकडे जिवाणू. गावाला जिवाणू ठाऊक होता, त्याची पाकिटं आता बरेच जण आणत होते. ज्याला आपण पाकीट विकत घेऊन रानात बोलावतो तो, आणि जो आपणहून येऊन राहिला आहे तो, असं शेजारी शेजारी ठेवलं की लोकांना पटेल असा माझा हिशेब. आणि माझी शिकवायची पद्धत अशी की पोरांच्या मनात जी भीती असते तिचं आधी बोलायचं. ती बाजूला सरली की मग माहिती.

म्हणून कागदाच्या पुढच्या बाजूला भीती. 'याच्यापासून रोग होऊ शकतो का?' जिवाणूपुढे लिहिलं, नाही. वाघळापुढे लिहिलं, काही जातींच्या अंगात माणसाला घातक असे विषाणू सापडले आहेत. 'याला हात लावावा का?' जिवाणू, हो. वाघूळ, कधीही नाही. 'याची घाण, लाळ, उष्टी फळं?' वाघळापुढे, दूर राहावं, लेकरांना उष्टं फळ देऊ नये. सगळं खरं होतं. मी विज्ञान शिकवते, मला खोटं लिहिता येत नाही.

पान उलटल्यावर बाकीचं. आमच्या चिंचेवरच्या वाघळांपासून गावात आजवर कुणाला काही झालेलं नाही. वाघूळ दूरदूर बिया टाकतं, फुलांचे पराग इकडून तिकडे नेतं. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतो, वाघळाला मात्र वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि ते आईच्या छातीला चिकटून उडतं. जिवाणूला मूळ लागतं, वाघळाला झाड लागतं. दोघांनाही आपली जागा सोडवत नाही. आणि शेवटी ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून: झाड तोडल्यानं, वाघळं हुसकावल्यानं धोका वाढतो, कमी होत नाही, त्यांना त्यांच्या जागी राहू द्यावं. मग सही, आणि सहीखाली 'विज्ञान शिक्षिका'. मागे सहीला जागा पुरेना म्हणून कागद परत उलटून ती मी पुढच्या बाजूच्या तळाशी केली. एवढीशी गोष्ट, पण तीच नडली.

दादानं कागद मला मोठ्यानं वाचून दाखवला, दोन्ही बाजू. पिल्लाचं वाचताना वर बघून हसला. "एकच पोर, मंग लाडाचं असंल," म्हणाला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्यानं दोन्ही बाजू वाचल्या होत्या.

तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी फाट्याला उतरले. जीपमध्ये आमच्या गावची एक बाई शेजारी बसली होती, सोयरिकीतली नाही पण लहानपणापासून ओळखीची. ती माझा हात धरून म्हणाली, "लई चांगलं केलंस बाई तू. माह्या सुनेला दिवस गेलेत, मला तर झोप न्हवती. तुह्या कागदावर झालं सगळं."

"काय झालं?" मी विचारलं.

"वाघळाचं झाड पाडलं ना काल. तुला ठावं न्हाई? तुह्याच कागदावर तर ठराव झाला."

तिचा काय दोष? ती मला मनापासून दुवा देत होती. मी फाट्यावरून चालत निघाले ती आधी ग्रामपंचायतीपुढे थांबले. बाहेरच्या फलकावर ठराव लावलेला होता आणि ठरावाला माझ्या कागदाची झेरॉक्स. पुढच्या पानाची. माझं वळणदार अक्षर, उभी रेघ, वाघळापुढे एकाखाली एक भयंकर उत्तरं, तळाशी माझी सही. मागची शाई झेरॉक्समध्ये जराशी उमटली होती. खाली मारलेल्या दोन रेघा उलट्या बाजूनं दिसत होत्या. मला तर त्या दिसल्या. बाकी कुणाला त्याचं काय.

रानात गेले. चिंच आडवी पडली होती आणि करवतीची माणसं फांद्या तोडत होती. ते दिवस वाघळांच्या अंगावर पिल्लं असण्याचे. भर उन्हात काही वाघळं बांधावरच्या बाभळींवर कशीबशी लटकली होती आणि पुन्हा पुन्हा उठून चिंच जिथे होती त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होती. खाली पाल्यात चार-पाच पिल्लं मरून पडली होती. एकाचे पाय अजून डहाळीला धरून होते. मी ताडपत्रीचा तुकडा उचलून त्यांच्यावर घातला. दुसरं काही सुचलंच नाही.

दादा बांधावर उभा होता. मी विचारलं, "मागचं पान कुठं आहे?"

तो आधी म्हणाला, झेरॉक्सवाल्यानं एकच बाजू काढली. मग तोच म्हणाला, "म्या खोटं काय वाचलं, सांग. तुह्याच हातचं हाय. पुढचं बी खरं, मागचं बी खरं. पुढचं आधी व्हतं, ते वाचलं."

"शब्द दिला होतास."

"दिला व्हता. तवा हे रोग कुठं व्हते? लेकराबाळाच्या जिवापुढं शब्द धरून बसू का?" आणि मग, नजर दुसरीकडे वळवून, "वरली बारा तासं बी मोकळी झाली. किती दिस पडीक ठिवायची जागा?"

ती बारा तासं म्हणजे चिंचेच्या सावलीखालच्या ओळी. तेवढ्यासाठी. मला वाटलं होतं तो गावाला भ्याला असेल. भ्याला असता तर मी समजून घेतलं असतं. त्यानं माझाच हात धरून माझ्याच सहीनं ते झाड पाडलं, आणि मी मात्र तो कागद लिहिताना त्याच्यासाठी अक्षर चांगलं काढत होते. लहानपणी मार खाल्ला तेव्हासुद्धा मला इतकं अपमानित वाटलं नव्हतं. मी त्याला नको नको ते बोलले. घरी आले तर आई दारात बसलेली. ती म्हणाली, "झाड तं गेलं माय. भाऊ तरी ऱ्हाऊ दे."

वन खात्यात तक्रार करावी असं मनात आलं. अर्ज लिहायलाही घेतला. पण तक्रार कुणाविरुद्ध तिथे भावाचं नाव लिहावं लागणार, आणि सोबत जोडायचा कागद माझ्याच अक्षरातला. अर्ध्यावर सोडला. वाघळं आठवडाभर आजूबाजूच्या झाडांवर होती म्हणे, मग कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मृग जवळ आला तशी मी नेहमीच्या दुकानातून पाकिटं आणली. पाकिटावर छापलेलं असतं, थंड जागी ठेवा, ऊन लागू देऊ नका. मी ती घराच्या पत्र्यावर ठेवली. सेनगावचा मे महिना, तापलेला पत्रा. दुपारी त्यावर हात ठेवला तर फोड यावा. मोजून तेरा दिवस ठेवली. सुतक म्हणा. माझ्या मनात काय होतं ते मी लपवत नाही: त्याच्या मुळांना एक गाठ धरू नये, पीक पिवळं पडावं, आणि त्याला कधी कळू नये काहून. ज्या बाईनं त्याला जिवंत गोष्ट विषात कालवली म्हणून झाडलं होतं, तिनंच ही पाकिटं निवांतपणे उन्हात मारली. मग साडीच्या पिशवीत घालून त्याला नेऊन दिली. तो गहिवरला. त्याला वाटलं, बहिणीनं राग सोडला.

पेरणीच्या दिवशी रविवार होता, आईनं बोलावलं म्हणून मी गेले. दादानं गुळाचं पाणी केलं, भुकटी कालवली, बियाणं चोळलं. वहिनी ते अंगणात उन्हातच पसरायला लागल्या तर त्यांच्यावर खेकसला, "उन्हात काहून टाकतीस? जीव असतेत त्यात. बाई सांगती ना दर सालाला." सावली कुठून आणायची? चिंच नव्हती. त्यानं दोन बाजा उभ्या केल्या, त्यांच्यावर गोधडी बांधली, खाली आईचं लुगडं अंथरलं आणि मेलेल्या भुकटीचं ते बियाणं सावलीत सुकवत बसला. मधूनमधून हातानं हलकं खालीवर करत होता. मी ओट्यावर बसून भाकरी खात ते बघत होते.

राखीपौर्णिमेला गेले तेव्हा पीक गुडघ्याच्या वर आलं होतं. राखी बांधून झाल्यावर दादा म्हणाला, चल, रान दावतो. मी मनात म्हटलं, बघू तर.

रान हिरवंगार होतं. त्यानं एक रोप उपटलं, डब्यातल्या पाण्यात मूळ धुतलं आणि माझ्यापुढे धरलं. मुळावर गाठीच गाठी. एक गाठ त्यानं नखानं फोडली, आत गुलाबी. "तुहं कल्चर लई भारी निघालं औंदा," तो म्हणाला.

मी मास्तरीण, मला एका क्षणात उमगलं. तेरा दिवस भाजलेल्या पाकिटातला हा नव्हता. हा मागच्या अकरा वर्षांचा. मी दर वर्षी दिलेला जिवाणू मातीत राहिला होता, कुणाच्या रागालोभाशी त्याला घेणं नव्हतं, सोयाबीनचं मूळ आलं की तो गाठ धरायचा. ज्या रानावरचा हक्क मी सोडला त्या रानात माझं दिलेलं सगळं शाबूत होतं. वाघळांसारखं त्याला हुसकावून लावता येत नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं.

मग आम्ही वरच्या टोकाला आलो. तिथे रानाचा एक गोल तुकडा पिवळाधमक होता. रोपं खुरटलेली, पानं फिकी. तो घेर मी डोळे मिटून काढून दाखवला असता. चिंचेच्या सावलीचा होता, तंतोतंत. जेसीबीनं बुंधा उपटताना काळी माती खाली गेली होती आणि खालची पिवळट माती वर आली होती. आणि या तुकड्यात आजवर सोयाबीन कधी पेरलंच नव्हतं, त्यामुळे अकरा वर्षांचा साठा इथे नव्हता. इथे फक्त या वर्षीचं पाकीट होतं. मी वाकून एक रोप उपटलं. मूळ पांढरं, स्वच्छ. एकही गाठ नाही.

दादा माझ्या हातातल्या मुळाकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. या बारा तासांसाठी त्यानं काय काय घालवलं होतं ते त्यालाही ठाऊक असणार. तो म्हणाला, "वाघळाची घाण. इतक्या वर्षाची घाण पडून जमीन जळाली बघ. व्हय ना बाई? गावातले बी तेच म्हणून राहिलेत. बरं झालं म्हणतेत, येळंवर पाडलं."

खरं काय ते त्या शिवारात एका माणसाला ठाऊक होतं. वाघळांच्या घाणीनं जमीन जळत नाही, उलट कसदार होते. ती घाण तर आता जेसीबीच्या खड्ड्यात खोल गाडली गेली होती. इथे गाठी धरल्या नाहीत कारण मी तुला मेलेली पाकिटं दिली. एवढी दोन वाक्यं. पहिलं बोलले असते तर त्यानं विचारलं असतं, मंग पिवळं काहून पडलं, आणि मला दुसरं बोलावं लागलं असतं. त्याच्या मनगटावर माझी राखी होती, तासाभरापूर्वी बांधलेली.

मुळाची माती मी बोटांनी झटकत राहिले. तो उत्तराची वाट बघत होता. माझ्या शब्दाला गावात मान आहे.

"असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, "दादा गावात सांगून राहिलाय, आमच्या बाईनं सोता रोप उपटून पाह्यलं, ती बी म्हणली वाघळानंच जमीन खाल्ली." या वेळी त्याला कागदाची गरजही लागली नव्हती.